झिऱ्याची बशी

फावड्याचं पातं वाळूवरून खरखरत गेलं आणि त्याच्यापुढे हिरवट-तपकिरी साय गोळा होत गेली, तापवून निवलेल्या दुधावरची व्हावी तशी. सुंदराबाईनं ती घमेल्यात भरली, घमेलं डोक्यावर घेतलं आणि रिकाम्या टाक्याच्या पायऱ्या चढू लागली. वरच्या पायरीवर देवमन तायडे उभा होता. सायकल स्टँडला लावण्याइतकाही दम त्यानं धरला नव्हता. ती मागे आडवी पडली होती आणि तिचं चाक अजून फिरत होतं.

"आत्या, थांब. ठेव ते घमेलं."

"ठेवलं. मंग आजची मजुरी तू देशीन?"

ती त्याच्या बाजूनं निघून गेली. जिनं आईच्या जागी राहून आपल्याला वाढवलं तिच्यावर ओरडता येत नाही, हे देवमनला ठाऊक होतं. म्हणून ओरडण्यासाठी तो दुसऱ्या बाजूला वळला. तिथे आमलापूर नगरपालिकेचे अध्यक्ष खुशालराव नाकाला रुमाल लावून लोखंडी खुर्चीवर बसले होते, आणि ओव्हरसियर शालिकराम त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभा होता. ऊन पौषातलं, कोवळं होतं. पण छत्री धरणं ओव्हरसियरच्या कामात मोडत होतं.

"अध्यक्षसाहेब, हे खरवडायला कोणी सांगितलं?"

"मी," खुशालराव म्हणाले. "पुढच्या पंधरवड्यात नामदारसाहेब नव्या टाकीच्या उद्घाटनाले येऊन राहिले. ते फिल्टर पाह्यतीनच. हा असा शेंबूड दाखवू का त्यायले?"

"तो शेंबूड नाही. पाणी गाळायचं काम तोच करतो. वाळू म्हणजे त्याला बसायला नुसती जागा."

"आयका," शालिकराम छत्रीखालून म्हणाला. "घान पानी साफ करते, अन् आपन घान साफ करून राहिलो."

"अगदी बरोबर समजलं तुम्हाला."

शालिकराम हसला. आपण विनोद केला असं त्याला वाटलं होतं.

पूर्णेचं पाणी या टाक्यातल्या वाळूवर सोडायचं, ते हळूहळू झिरपून खाली यायचं आणि तेच नळाला जायचं, अशी आमलापूरची योजना होती. वाळूवर शेवाळाची आणि कसल्याकसल्या सूक्ष्म जिवांची साय धरायला दोन-तीन आठवडे लागत. रोगजंतू अडकत ते त्या सायीत. ती फार जाड झाली तरच खरवडायची, आणि नवी धरेपर्यंत पाणी नाल्यात सोडून द्यायचं, असा नियम इंग्रजाच्या काळापासून भिंतीवर टांगलेला होता. नगरपालिकेचा नियम त्याहून जुना होता. सणावाराला किंवा पाहुणा यायचा झाला की घरातलं जे काही काळं पडलं असेल ते चिंच लावून घासायचं. समई घासतात, परात घासतात, तसा फिल्टर घासायचा. यात कोणाच्याही मनात पाप नव्हतं. पाप असतं तर भांडायला सोपं गेलं असतं.

"बरं, खरवडलं ते खरवडलं," देवमन म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "आता साय धरेपर्यंत पाणी नाल्यात सोडा."

"अन् गावाले काय पाजू? भाषन?"

"दिवाळीला हेच केलं होतं तुम्ही. त्यानंतर काय झालं ते विसरलात?"

"ब्लीचिंग टाका ना डबल."

"ब्लीचिंगनं आवेचा जंतू मरत नाही."

"मंग तुमच्या त्या तपासनीच्या नळ्या काहून साफ येतात?" खुशालरावांनी रुमाल नाकावरून काढला. "दर हप्त्याले तुमीच सही करता. कोलाय नाही, पानी पिन्यास योग्य. सही तुमची हाये ना, तायडे?"

सही त्याचीच होती.

खुशालराव उठले. छत्रीही उठली. जाताना त्यांनी टाक्यात डोकावून पाहिलं. अर्ध्या भागात वाळू पिठासारखी पांढरी निघाली होती. "आता कसं," ते म्हणाले, "प्यावंसं वाटते."

त्यांनी मात्र ते पाणी कधी प्यायलं नव्हतं. आमलापूर खारपाणपट्ट्यात होतं आणि गावातल्या विहिरी मचूळ होत्या, त्यामुळे अध्यक्षांच्या घरी बाळापूरकडच्या मळ्यातल्या गोड विहिरीचं पाणी रोज छकड्यातून येई. ते ढोंगी नव्हते. नळाचं पाणी वाईट आहे असं त्यांना खरोखरच वाटत नव्हतं. वाटावं कशामुळे?

*

दिवाळीआधी टाकं असंच उजळलं होतं. दिवाळी सरली आणि गावाच्या खालच्या अंगाला लोक लोटे घेऊन धावू लागले. सुंदराबाईची सून मनकर्णा आधी आवेनं झिजली, मग तिच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. बैलगाडीतून अकोल्याला नेली तेव्हा डॉक्टरांनी यकृतात गळू झालं आहे असं सांगितलं. सांगून होईतो ते फुटलं होतं. तिचं मूल आता सुंदराबाईच्या कडेवर असे.

देवमनला रात्री-बेरात्री जाग यायची ती मनकर्णेच्या मरणानं नव्हे. माणसं मरतात. त्याला जाग यायची ती स्वतःच्या भाषणानं. वस्तीला नळ येऊन वर्ष झालं नव्हतं. त्याआधी, म्हणजे आज्या-पणज्यापासून, गावच्या विहिरीवर त्यांना चढू देत नव्हते. मग वस्तीतल्या बाया नदीच्या पात्रात वाळू उकरून झिरे पाडत आणि झिरपेल ते पाणी वाटीनं घागरीत भरत. देवमन अमरावतीला बी.एस्सी. झाला, नागपूरच्या प्रयोगशाळेत पाण्याची तपासणी शिकून आला, नगरपालिकेत लागला, आणि त्यानं अर्जावर अर्ज करून वस्तीत नळ आणवला. नळ आला त्या दिवशी त्यानं खाटेवर उभं राहून सांगितलं होतं: आपण धम्म बदलला, आता पाणीही बदला. झिरे बुजवा. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि संध्याकाळपर्यंत झिरे बुजवले. शिकलेला पोरगा सांगतो म्हणून.

आता पुन्हा तेच होणार होतं, आणि पुन्हा त्याच्याच शब्दावर.

त्याची प्रयोगशाळा म्हणजे जुन्या जकात नाक्याची खोली. तिथे कोलायच्या नळ्या ओळीनं उभ्या होत्या, आणि नळाच्या पाण्याच्या सगळ्या नळ्या नेहमीसारख्या स्वच्छ होत्या; कोलाय दाखवणारा बुडबुडा एकीतही नव्हता. त्यांच्याकडे पाहून देवमनला दात-ओठ खावेसे वाटले. नळ्या खोटं बोलत नव्हत्या. पाण्यात मैला आहे का हे कोलाय जंतूवरून कळतं, पण तो बिचारा ब्लीचिंगचा वास आला तरी मरतो. आवेचा जंतू कवच घालून बसतो आणि ब्लीचिंगमध्ये आंघोळ करून बाहेर येतो. पहारेकरी दारात मरून पडला म्हणून घरात चोर नाही, असं दर आठवड्याला देवमन सही करून सांगत होता.

त्याला दुसरा पहारेकरी हवा होता. न मरणारा.

तो त्याला गुरांच्या गोठ्यात सापडला. कुटारात, गवतात, मातीत एक निरुपद्रवी जंतू असतो. तोही कवच घालतो. पाणी चांगलं गरम केलं की बाकीचे मरतात आणि हा तेवढा उरतो. मग पाणी काचेच्या बशीतल्या खळीवर पसरायचं आणि बशी उबेला ठेवायची. दुसऱ्या दिवशी जितके ठिपके, तितके हे गडी. नदीत ते ढिगानं होते. ते वाळूतच अडकले तर आवेचा त्यांच्याहून थोराड जंतू अडकलाच समजावं. ते पार होऊन नळात आले तर दार सताड उघडं आहे.

नदीचं पाणी आणि नळाचं पाणी, दोन बश्या तयार झाल्या. पण खुशालराव म्हणतील, असे ठिपके जगातल्या सगळ्याच पाण्यात येत असतील. वाळूतून नीट गाळलेलं पाणी कसं दिसतं, हे दाखवायला तिसरी बशी हवी होती. देवमन बाटली घेऊन नदीवर गेला. सुंदराबाई तिथे धुणं धूत होती, आणि नातू वाळूत बसून वाळूच खात होता.

"आत्या, झिरा कुठं होता आपला?"

"तूच बुजवाले सांगतलं होतं."

"सांगतलं होतं."

"मंग उकर आता तूच."

त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि हातांनी वाळू उकरली. ती धुणं पिळता पिळता पाहत राहिली. खळग्यात पाणी चढलं तसा तो बाटली बुडवायला वाकला.

"हूं! फेक ते. पहिलं पानी हाताचं. दुसरं बी फेक, ते वाळूचं. तिसरं आपलं."

त्यानं दोनदा उपसलं. तिसऱ्यांदा जे झिरपलं त्यातून खळग्याचा तळ दिसत होता.

"काय शोधून राहिला त्याच्यात?"

"आवेचा जंतू."

"मंग सापडला?"

"तो सापडत नाई. पोतंभर ज्वारीत एक तीळ. म्हणून त्याच्यासारखाच दुसरा पाहतो, कुटारातला. हा जिथून घुसते तिथून तो बी घुसते."

सुंदराबाईनं धोतर झटकलं. "म्हंजे चोर गवसत नाई, तर चोराचा साळा धरून राहिला तू."

"तसंच समज."

"त्या साळ्याचं काय चुकलं पन?"

"काहीच नाई. तो फक्त सांगते, दार उघडं होतं."

"दार उघडं हाये हे मले माहीत हाये, बापू," ती म्हणाली आणि नातवाच्या तोंडातली वाळू बोटानं काढली. "मनकर्णा त्याच दारानं गेली. तुले काहून बशी लागते?"

"मले नाई लागत. त्यायले लागते."

दुसऱ्या दिवशीपासून बाया पुन्हा झिऱ्यावर येऊ लागल्या. देवमननं कोणाला काही सांगितलं नव्हतं. शिकलेला पोरगा हातानं झिरा उकरताना दिसला, तेवढं पुरे झालं होतं.

*

खुशालरावांच्या कचेरीत देवमननं पानाचा डबा बाजूला सरकवला आणि टेबलावर तीन बश्या मांडल्या. शालिकरामनं मान पुढे काढली.

पहिल्या बशीत नदी होती. ठिपक्यांना ठिपके चिकटून तिच्यावर करडी बुरशी आल्यासारखं झालं होतं. दुसऱ्या बशीत नळ होता. दोन्ही बश्या सख्ख्या बहिणी दिसत होत्या.

"ही नदी आणि हा तुमचा घासून-पुसून लख्ख केलेला फिल्टर," देवमन म्हणाला. आवाज खालच्या पट्टीत ठेवण्यासाठी त्यानं टेबलाची कड धरली होती. "जे नदीत आहे ते सगळं नळात आहे. आम्ही पितो ते. ब्लीचिंगचा वास आहे, एवढाच फरक."

"पन कोलाय?"

"कोलाय नाही. शालिकरामजी, समजा तुमच्या घरी साप निघाला. मी येऊन म्हटलं, काळजी करू नका, उंदीर एकही नाही. तर चालेल?"

शालिकरामला हे चालणार नव्हतं असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं.

खुशालरावांचं लक्ष तिसऱ्या बशीकडे होतं. त्यांनी ती उचलून खिडकीच्या उजेडात धरली. कडेला एक-दोन ठिपके होते. बाकी बशी कोरी होती.

"याच्यात तर काहीच नाही."

"नाही."

"हे कोनतं पानी? मुंबईचं?"

हे वाक्य देवमन वस्तीपासून सायकल मारत पाठ करत आला होता. तो म्हणाला, "आमच्या वस्तीचं. तुमच्या विहिरीवर आमच्या आज्याला चढू दिलं नाही, म्हणून त्यानं नदीत वाळू उकरली. त्या झिऱ्याचं."

खुशालरावांनी बशी जपून खाली ठेवली, पानाचा डबा ओढला, उघडला आणि पान न काढताच मिटला. देवमनला इतक्या वर्षांत प्रथमच वाटलं की आपण कोणाला तरी नेमकं लागेल असं मारलं.

"कुठं म्हनता हा झिरा?"

"वस्तीच्या उतारावर. घाटाच्या खाली."

"कोलायच्या नळीत पास झाला का हो?" शालिकरामनं विचारलं.

"थोडा बुडबुडा आला. उघड्यावरचं पाणी आहे, बायांचे हात लागतात. पण आवेपुरतं म्हणाल तर गावात त्याच्याइतकं निर्धोक पाणी नाही."

"पटलं," खुशालराव म्हणाले. "तुमी शिकले-सवरले लोक, तायडेसाहेब. पटलं मले. करतो बंदोबस्त."

साहेब! देवमन बश्या पिशवीत भरून बाहेर आला तेव्हा त्याला सायकलवर बसवेना, इतका तो हलका झाला होता. घरी त्याची बायको शालू चुलीवर पाणी उकळत होती.

"पटलं त्यायले," तो म्हणाला.

"काय पटलं?"

"बंदोबस्त करतो म्हणाले."

"मंग पानी उकळू का नको?"

देवमननं विचार केला. "आजच्यापुरतं उकळ," तो म्हणाला.

*

बंदोबस्त दोनच दिवसांत झाला.

सुंदराबाई सकाळी रिकामी घागर घेऊन देवमनच्या दारात आली. घागर तिनं त्याच्यासमोर उपडी करून दाखवली आणि नदीकडे चालायला लागली. देवमन चप्पल अडकवून तिच्यामागे धावला.

झिऱ्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं होतं. आत नगरपालिकेचा चौकीदार नत्थुजी खाटेवर बसून तंबाखू मळत होता. खाटेशेजारी काठी होती. कुंपणाबाहेर बाया घागरी घेऊन उभ्या होत्या आणि नत्थुजीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या.

"नत्थुजी, हे काय?"

"नामदारायचं पानी हाये, साहेब. वरून हुकूम हाये. कोनी हात लावाचा नाई."

"आमच्या झिऱ्याला?"

"आता तो सरकारी झाला म्हनतात." नत्थुजीला बोलताना बरं वाटत नव्हतं; त्यानं नजर तंबाखूवर ठेवली. "मले काय करता? मी काठीवाला मानूस."

तेवढ्यात उतारावरून शालिकराम आला. त्याच्यामागे घासून लाल केलेली तांब्याची घागर घेऊन एक गडी होता.

"शालिकरामजी!" देवमनचा आवाज पात्राच्या पलीकडच्या दरडीवर आदळून परत आला. "हा काय तमाशा आहे?"

"तमाशा काहून? तुमचीच शिफारस."

"मी फिल्टरचं पाणी बंद करायला सांगितलं होतं!"

"फिल्टर बंद केला तर उद्घाटन कायचं करावं?" शालिकराम समजुतीच्या सुरात म्हणाला. "नामदार पानी पेतीन ना तिथं, लोकायच्या समोर. फिल्टरचं देलं अन् त्यायले आव झाली, तर अध्यक्षाचं काय बिघडते? मी सरकारी खात्यातून उसना आलेला मानूस, मले उचलून धारनीच्या जंगलात फेकतीन. म्हनून काल रातीपासून हात लावू देला नाई कोनाले. झिरा कसा निवळला पाहा. अन् तुमी बुडबुड्याचं बोलले होते ना? ते बी ध्यानात हाये माह्या. आजपासूनच घागर भरून त्यात चिमूटभर ब्लीचिंग टाकून पाहून राहिलो."

शालिकरामला हा विषय पहिल्यांदाच पूर्ण समजला होता. आधी वाळूतून गाळायचं, मग ब्लीचिंग टाकायचं. पाण्याच्या शास्त्रात याहून बरोबर काही नाही. आमलापूरला शुद्ध पाण्याची योजना अखेर सुरू झाली होती. ती एका घागरीपुरती होती, एवढंच.

"आणि या बायांनी काय प्यायचं?"

"नळ हाये ना वस्तीत," शालिकराम म्हणाला. "तुमीच आनला."

देवमननं कुंपणाची फांदी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. बाभळीचे काटे तळहातात घुसले. त्यानं फांदी सोडली नाही, दुसरीही ओढली. नत्थुजी नाइलाजानं काठी घेऊन उठला. तो पुढे आला नाही, पण मागेही सरला नाही. देवमन त्या काठीकडे तोंड करून उभा राहिला. मारलीच असती तर त्याला त्या क्षणी बरं वाटलं असतं. तेव्हा सुंदराबाईनं मागून त्याचा सदरा धरला.

"चाल घरी."

"आत्या, सोड."

"चाल म्हनते ना. त्याच्यावर हात उचलशीन तर त्यायचं काम सोपं होईन. नोकरी जाईन तुही, अन् झिरा काही येनार नाई."

ती त्याला वर घेऊन आली. हातातले काटे तिनं ओसरीवर बसून काढले, एकेक. काढताना ती एवढंच म्हणाली, "गाव विहिरीवर येऊ देत नोयतं, तवा आमी नदीत गेलो. नदी कोनाची नोयती. तुह्या बशीनं तिले बी मालक देला."

देवमननं हात तिच्या हातात राहू दिला. दुखत होतं, पण तो हलला नाही.

त्या आठवड्यात त्यानं सही करायचं नाकारलं. कोणाचं काही अडलं नाही. नळ्या स्वच्छ होत्या; शालिकरामनं सही केली. देवमन वस्तीत घरोघर फिरून पाणी उकळून प्या म्हणून सांगू लागला. "उकळतो, भाऊ," श्रावण नावाचा रोजंदार त्याला म्हणाला, "सैपाकालेच जळतन पुरून नाई राहिलं, ते तेवढं पाठवून देजो." वस्तीत दोन घरी पोटं बिघडली होती. सुंदराबाईच्या नातवाच्या लंगोटाला रक्त लागलं होतं.

*

उद्घाटनाला मांडव मोठा पडला. नव्या उंच टाकीला झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या. नामदारांनी फिल्टरचं टाकं पाहिलं आणि पांढऱ्या वाळूबद्दल समाधान व्यक्त केलं. मग व्यासपीठावर चांदीचे पेले आले. नामदारांनी पाणी घेतलं, डोळे मिटून घोट घेतला आणि म्हणाले, "वा! हे पूर्णेचं पाणी?"

"आपल्या फिल्टरचं, साहेब," खुशालराव म्हणाले आणि त्यांनी आपलाही पेला उचलून सगळ्यांसमोर रिकामा केला. त्यांच्या सात पिढ्यांत वस्तीचं पाणी प्यायलेला हा पहिला पुरुष. बाटण्याची त्यांना भीती वाटली नाही. त्यांनी बशी उजेडात धरून पाहिली होती, आणि बाटण्याचा बशीत ठिपका येत नाही.

"हे पाणी तपासतं कोण?" नामदारांनी विचारलं. "त्यांना पुढे बोलवा."

देवमनला पुढे आणलं. गळ्यात हार पडला. दोन शब्द बोला म्हणून कोणी तरी त्याच्यापुढे माईक सरकवला. मांडवाच्या कडेला, दोरीपलीकडे, सुंदराबाई नातवाला खांद्यावर टाकून उभी होती. पोर मान टाकून झोपलं होतं.

"हे पाणी फिल्टरचं नाही," देवमन म्हणाला. कर्ण्यातून ते वाक्य सगळ्या मांडवात स्वच्छ ऐकू आलं. "फिल्टरचं पाणी आमची वस्ती पिते आणि आजारी पडते. तुम्ही प्यायलात ते आमच्या बायांच्या झिऱ्याचं आहे. त्या झिऱ्यावर आज काठीवाला बसवला आहे."

शालिकरामचा चेहरा पांढरा पडला. त्याला धारणी दिसू लागली असावी. खुशालराव मात्र शांत होते. माणसं ओळखूनच ते अध्यक्ष झाले होते.

नामदारांनी पेल्याकडे पाहिलं, देवमनकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. ते माईकजवळ आले. "ऐकलंत बंधूंनो? शहरातल्या मोठमोठ्या यंत्रांना जे जमत नाही, ते आमच्या अडाणी आयाबहिणी वाळूतून करतात! हे आपलं खरं शास्त्र! आणि ते इतक्या नम्रपणे सांगणारा हा तरुण!" टाळ्या पडल्या. नामदारांना टाळ्यांमुळे आणखी सुचलं. त्यांनी तिथल्या तिथे झिऱ्याला पक्का चौथरा, लोखंडी जाळी आणि कुलूप मंजूर केलं. असलं पाणी घाण होता कामा नये, ते म्हणाले. डाकबंगल्यावर येणाऱ्या पाहुण्यांना तेच देत चला.

पहिली टाळी खुशालरावांनी वाजवली. देवमननं दोरीपलीकडे पाहिलं. सुंदराबाई तिथे नव्हती.

*

ती त्याला दिवस मावळता मावळता सापडली, नदीच्या वळणापलीकडे, दरडीच्या आडोशाला. तिथून नवी टाकी दिसत नव्हती, म्हणून तिनं ती जागा धरली होती. आणखी चार-सहा बाया खाली बसून वाळू उकरत होत्या. नातू लुगड्याच्या घडीवर निजला होता.

देवमन जवळ गेला. हार त्यानं वाटेत कुठे तरी काढून टाकला होता, पण झेंडूच्या पाकळ्या कॉलरला चिकटून राहिल्या होत्या.

सुंदराबाईनं पहिलं पाणी उपसून फेकलं. थांबली. दुसरं फेकलं. मग झिरपू दिलं, आणि तळ दिसायला लागला तशी वाटी भरून त्याच्यासमोर धरली. पाणी थंड होतं. त्यानं ते एका दमात पिऊन टाकलं.

वाटी परत देताना त्याचा दुसरा हात सवयीनं कोटाच्या खिशाकडे गेला. नमुन्याची बाटली तिथे होती. ती नेहमीच तिथे असे.

सुंदराबाईनं त्या हाताकडे पाहिलं.

"याची बशी लावू नको, बापू," ती म्हणाली.

ती रागावलेली नव्हती. चुलीजवळ खेळणाऱ्या पोराला सांगावं तसं तिनं सांगितलं, आणि घागर भरू लागली.

देवमननं बाटली बाहेर काढली, गुडघे टेकले, आणि बाटलीच्याच बुडानं तो शेजारची वाळू उकरू लागला.